कुलपाची अट आधी सांगा: विमा नियामकांस खुले पत्र

प्रति,
माननीय अध्यक्ष,
भारतीय विमा नियामक आणि विकास प्राधिकरण,
हैदराबाद

विषय: घरफोडीच्या विम्यातील ‘जबरदस्तीने प्रवेश’ ही अट आणि घराच्या मुख्य दाराचे कुलूप

महोदय,

डोंबिवलीतल्या एका मध्यम आकाराच्या गृहनिर्माण सोसायटीचा मी सचिव आहे. पाण्याची टाकी, लिफ्टचं कंत्राट, पार्किंगची भांडणं ही सचिवाची नेहमीची कामं. त्यात गेल्या वर्षी विम्याच्या पॉलिसी वाचण्याची भर पडली. आमच्या इमारतीत एका घरी चोरी झाली. त्या घराचा विमा होता, हप्ता वेळेवर भरलेला होता, पोलिसांत गुन्हाही नोंदवला होता. तरीही दावा नामंजूर झाला. कंपनीच्या पत्रात कारण एका ओळीचं होतं: घरात जबरदस्तीने प्रवेश झाल्याच्या खुणा आढळल्या नाहीत.

घडलं ते असं. ते कुटुंब लग्नासाठी दोन दिवस साताऱ्याला गेलं होतं. परत आले तेव्हा सेफ्टी डोअरचं कुलूप जागेवर होतं, आतला लॅच नेहमीसारखा किल्लीने उघडला, चपला होत्या तशा होत्या. संध्याकाळी दागिने परत ठेवायला कपाट उघडलं तेव्हा लॉकर रिकामा. पोलिसांनी फिर्याद लिहून घेतली ती त्यांच्या ठरलेल्या भाषेत: कोणीतरी अज्ञात इसमाने फिर्यादीच्या राहत्या घराच्या दरवाज्याचे लॉक कशाच्या तरी सहाय्याने उघडून घरात प्रवेश केला. गुन्हा घरफोडीचा लागला. मग कंपनीचे सर्व्हेअर, म्हणजे नुकसानीची पाहणी करणारे, आले. सज्जन माणूस. त्यांनी दाराचे, चौकटीचे, बिजागऱ्यांचे, लॅचच्या पट्टीचे फोटो काढले, सगळीकडे बोट फिरवून पाहिलं आणि जाताना हळूच विचारलं, “कुठे काही तुटलंय का हो?” कुठेच काही तुटलं नव्हतं.

चोराने कटावणी घालून चौकटीचा एक ढलपा जरी काढला असता, तरी दागिन्यांचे पैसे मिळाले असते आणि बहुतेक दाराच्या दुरुस्तीचेही. तो आपल्या कामात हुशार निघाला, त्याची शिक्षा घरमालकाला.

पत्र लिहिण्यापूर्वी मी हाताला लागतील तेवढ्या पॉलिसी वाचल्या: शेजाऱ्यांच्या, भावाची, ओळखीच्या दुकानदारांच्या. घरफोडीच्या कलमात शब्द थोडे इकडेतिकडे होतात, गाभा एकच. प्रत्यक्ष, जबरदस्तीने आणि हिंसक मार्गाने जागेत शिरून किंवा तसं बाहेर पडून केलेली चोरी म्हणजे घरफोडी. बाकी सगळी साधी चोरी, आणि साध्या चोरीला संरक्षण नाही. काही कंपन्या जादा हप्ता घेऊन साध्या चोरीचंही संरक्षण देतात, हे मला ठाऊक आहे. पण ते मागून घ्यावं लागतं. आणि मागण्यासाठी घरफोडी आणि चोरी यांच्यात पैशांच्या दृष्टीने एवढी दरी आहे हे आधी माहीत असावं लागतं. पॉलिसी घेताना ते कुणी सांगत नाही. दावा नाकारताना मात्र नेमकं तेच सांगतात.

हा प्रश्न आपल्याकडे पहिल्यांदाच येतो आहे असं नाही. २००४ मध्ये युनायटेड इंडिया इन्शुरन्स विरुद्ध हरचंद राय चंदन लाल या खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे हेच कलम होतं. न्यायालयाने निकाल कंपनीच्या बाजूने दिला. करारात बळाचा आणि हिंसेचा वापर लिहिला असेल, तर तो सिद्ध व्हायलाच हवा, न्यायालय करारात आपले शब्द घालू शकत नाही, असं त्याचं सार. इथपर्यंतचा भाग दावा नाकारताना कंपन्या पुढे करतात. त्याच निकालाच्या शेवटी न्यायालयाने जे म्हटलं, ते मात्र पुढे केलं जात नाही. ही व्याख्या इतकी कडक आहे की सामान्य माणसाला ती समजणं अवघड आहे. तो चोरीविरुद्ध विमा घेतला असं समजून चालतो, चोरीच्या आधी बळाचा वापर व्हायला हवा हे त्याच्या गावीही नसतं. तेव्हा कंपन्यांनी घरफोडीची व्याख्या वास्तवाच्या जवळ आणावी. एवढं स्पष्ट न्यायालय बोललं.

त्यानंतर बारा वर्षांनी, २०१६ मध्ये, ओडिशातल्या एका सरकारी महामंडळाचा दावा सर्वोच्च न्यायालयात आला. कर्ज बुडवलेल्या कारखान्याची मालमत्ता महामंडळाने ताब्यात घेतली होती, तिचा विमा उतरवला होता, आणि तिथली यंत्रसामग्री चोरीला गेली. कलम तेच, मुद्दा तोच, निकालही तोच. पदरी वकील असलेल्या महामंडळाला जे कलम भोवलं, ते पॉलिसीच्या चौथ्या-पाचव्या पानावर बारीक अक्षरात वाचून डोंबिवलीतल्या निवृत्त शिक्षिकेने ओळखावं, अशी आपली अपेक्षा आहे का?

आता गंमत पाहा. फौजदारी कायद्याला हा पेच कधी पडलाच नाही. १८६० च्या भारतीय दंड संहितेत कलम ४४५ खाली घरफोडीचे सहा प्रकार दिले होते. भिंतीला भोक पाडणं हा त्यातला एक, आणि कुलूप उघडून आत शिरणं हाही एक. कलमाखालच्या उदाहरणांत तर असंही होतं की एखाद्याला दुसऱ्याच्या घराची हरवलेली किल्ली सापडली आणि तिने दार उघडून तो आत शिरला, तर ती घरफोडीच. १ जुलै २०२४ पासून दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. तिच्या कलम ३३० मध्येही कुलूप उघडून शिरणं हा घरफोडीचाच प्रकार आहे. म्हणजे आमच्या इमारतीतला चोर सापडला तर घरफोडीसाठी तुरुंगात जाईल, त्याच्यावर खटला घरफोडीचा चालेल, वर्तमानपत्रात बातमीही घरफोडी म्हणूनच येईल. घरफोडी झालीच नाही असं फक्त विमा कंपनीच्या दप्तरी लिहिलेलं असेल.

कंपन्यांची बाजू मला दिसत नाही असं समजू नका. खुणा नसलेली चोरी म्हणजे घरातल्याच कुणाचं काम असू शकतं, किंवा चोरी झालीच नसेल. दागिने बहिणीच्या लॉकरमध्ये ठेवून फिर्याद देणारे महाभाग असतात. खोट्या दाव्यांचा भार शेवटी खरा हप्ता भरणाऱ्यांवर पडतो. मोडकी कडी हा कंपनीच्या दृष्टीने सगळ्यात स्वस्त पुरावा आहे. पण हा पुरावा तरी किती भरवशाचा? ज्याला खोटा दावा करायचाच आहे, तो स्वतःच्या दाराची कडी स्वतः उचकटेल. त्याला दहा मिनिटं आणि एक पक्कड पुरे. म्हणजे या अटीने अडवला जातो तो खरा माणूस, जो दाराला हात न लावता तसाच पोलिसांना बोलावतो. लबाडी शोधायची तर आज साधनं आहेत. जिन्यातले आणि फाटकावरचे कॅमेरे आहेत, मोबाइलची नोंद आहे, पंचनामा आहे, पोलिसांचा अंतिम अहवाल आहे. नोकर किंवा घरातली व्यक्ती सामील असेल तर दावा बाद करणारं वेगळं कलम पॉलिसीत बहुतेक वेळा असतंच.

आणि मुख्य म्हणजे, कुलूप न तोडता ते उघडणं आता किती सोपं झालंय ते पाहायला आपल्या एखाद्या अधिकाऱ्याने आमच्याकडे अर्धा दिवस यावं. इकडच्या फ्लॅटचं दार बहुधा असं असतं: बाहेर लोखंडी किंवा लाकडी जाळीचं सेफ्टी डोअर, त्याला अल्ड्रॉप आणि लोंबतं कुलूप, आत फ्लश डोअर, त्याला लॅच. बाहेरचं कुलूप लटकलेलं दिसलं की घर रिकामं आहे हे जिन्यातून जाणाऱ्या कुणालाही कळतं. आतला लॅच नुसता ओढून घेतला तर त्याची स्प्रिंगची जीभच तेवढी चौकटीत शिरते, आणि ती मागे सारता येते. किल्ली फिरवून पूर्ण बंद केला तरच दार खऱ्या अर्थाने लागतं. किल्ली फिरवायची असते हे आमच्या सोसायटीत निम्म्या लोकांना ठाऊक नव्हतं. लॅच बसवणाऱ्याने सांगितलं नाही, बिल्डरने सांगितलं नाही, विमा विकणाऱ्यानेही नाही.

लॅच उत्तम असला तरी प्रश्न किल्लीचा उरतो. बांधकाम चालू असताना तीच किल्ली रंगाऱ्याकडे, सुताराकडे, टाइल्सवाल्याकडे फिरलेली असते. ताबा मिळाल्यावर फार थोडे लोक लॅच किंवा निदान त्याचा सिलिंडर, म्हणजे ज्यात किल्ली फिरते तो भाग, बदलतात. मग घर अकरा महिन्यांच्या करारावर भाड्याने जातं, भाडेकरू बदलतात, प्रत्येकाकडे एखादी किल्ली राहून जाते. भाडेकरूची पोलीस पडताळणी होते, कराराची नोंदणी होते, कुलूप मात्र तेच. स्टेशनच्या पुलाखाली बसलेला चावीवाला किल्ली पाहून दहा मिनिटांत जोडचावी करून देतो. किल्ली कुणाची हे तो विचारत नाही, आणि विचारावं असा नियमही त्याला कुणी सांगितलेला नाही. जिची जोडचावी कार्ड दाखवल्याशिवाय होत नाही अशी कुलपं बाजारात आहेत, महाग आहेत, पण आहेत. आता त्यात डिजिटल कुलपांची भर. बोटाचा ठसा किंवा आकडा. मोलकरणीला, दूधवाल्याला, ट्यूशनहून लवकर येणाऱ्या मुलाला आकडा सांगितलेला असतो. तो आकडा चौथ्या माणसाने पाहिला आणि दार उघडलं, तर तिथे ‘हिंसक प्रवेश’ कोणत्या भिंगातून शोधणार? ज्या कलमाला कटावणी हवी असते, ते कलम आता या दारांवर लागू होतंय.

आपल्याकडे कुलपांची परंपरा काही थोडीथोडकी नाही. अर्देशिर गोदरेज यांनी १८९७ मध्ये मुंबईत कुलपांचा कारखाना काढला. अलीगढच्या कुलपांवर घरंच्या घरं चालतात. तमिळनाडूतल्या दिंडीगुलच्या कुलपांना २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. दारात खाच पाडून आत बसवायच्या मॉर्टिस कुलपांसाठी भारतीय मानक ब्युरोचं मानक आहे, आयएस २२०९. चांगलं कुलूप म्हणजे काय, हे या देशात कुणालाच माहीत नाही असं मुळीच नाही. विमा कंपन्या तेवढं विचारत नाहीत. आमच्या इमारतीत ज्यांनी घराचा विमा घेतला आहे, त्यांना अर्जात क्षेत्रफळ विचारलं, बांधकामाचं वर्ष विचारलं, मजला विचारला, पूर येतो का ते विचारलं. दाराला कुठलं कुलूप आहे हे एकालाही विचारलं नाही. पॉलिसीत मात्र ‘वाजवी काळजी घ्यावी’ अशी अट आहे. वाजवी म्हणजे किती लिव्हर (कुलपाच्या आतल्या, किल्लीने उचलल्या जाणाऱ्या पट्ट्या), हे दावा आल्यावर ठरणार.

माझी भाची इंग्लंडमध्ये रेडिंगजवळ राहते. तिने घर घेतलं तेव्हा विम्याच्या अर्जात पहिल्या काही प्रश्नांतच दाराचं कुलूप होतं: बीएस ३६२१ मानकाचं पाच लिव्हरचं मॉर्टिस डेडलॉक आहे का, की अनेक ठिकाणी अडकणारं मल्टिपॉइंट कुलूप आहे? हे ब्रिटिश मानक १९६० च्या दशकापासून चालत आलं आहे, वेळोवेळी कडक झालं आहे. कुलूप त्यात बसतं की नाही हे दार उघडून कडेची धातूची पट्टी पाहिली की कळतं. मानकाचा आकडा आणि काइटमार्क, म्हणजे तिकडचं प्रमाणित मालाचं चिन्ह, त्यावर कोरलेलं असतं. तिच्या दाराला साधं कुलूप होतं, तिने ते बदलून घेतलं, अर्जात खरं लिहिलं, विषय संपला. तिकडचं सगळंच आदर्श आहे असं मी म्हणत नाही. घरात पोटभाडेकरू असेल तर तिथल्याही पॉलिसीत जबरदस्तीच्या प्रवेशाची अट घालतात, आणि कुलूप बसवूनही ते लावलं नाही म्हणून दावे नाकारले जातात. पण अट कुलपाची असते आणि ती हप्ता भरण्याआधी कळते. कुलूप माणसाच्या हातात असतं. चोर कोणती पद्धत वापरेल हे माणसाच्या हातात नसतं.

तिकडच्या कायद्यातली आणखी एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. २०१५ च्या त्यांच्या विमा कायद्यात (तो ऑगस्ट २०१६ पासून लागू झाला) कलम ११ असं सांगतं की, जी अट पाळली नाही तिचा झालेल्या नुकसानीच्या धोक्याशी प्रत्यक्ष काही संबंधच नसेल, तर त्या अटीवर बोट ठेवून दावा नाकारता येणार नाही. उदाहरणार्थ, मागच्या दाराचं कुलूप हलकं असेल पण घराला वीज पडून आग लागली, तर कुलपाची अट तिथे आणायची नाही. किती साधी गोष्ट आहे!

आपल्याकडेही हा विचार अगदीच परका नाही. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका ट्रकच्या चोरीचा दावा निकाली काढला. चालक पत्ता विचारायला खाली उतरला आणि किल्ली गाडीतच राहिली, तेवढ्यात ट्रक चोरीला गेला. निष्काळजीपणा होता, तरी तो कराराचा मूलभूत भंग नाही असं ठरवून विम्याच्या रकमेच्या ७५ टक्के द्यायला न्यायालयाने सांगितलं. किल्ली इग्निशनला ठेवलेल्या ट्रकला ७५ टक्के, आणि दोन कुलपं लावून गेलेल्या घराला शून्य. हा हिशेब आमच्या सोसायटीच्या सभेत मी मांडला तेव्हा एका सभासदाने विचारलं, “मग घराला चाकं लावून घेऊ का?” हशा पिकला, पण उत्तर कुणाकडे नव्हतं.

भारत गृह रक्षा पॉलिसीबद्दलही एक शब्द. १ एप्रिल २०२१ पासून आपण सगळ्या सर्वसाधारण विमा कंपन्यांना ही एकसारखी घरविमा पॉलिसी द्यायला लावलीत, ते काम खरंच चांगलं झालं. कमी रकमेचा विमा काढला म्हणून दावा कापायचा नाही, इमारतीचा विमा असेल तर घरातल्या सामानाचा विमा आपोआप तिच्या २० टक्क्यांपर्यंत, कमाल १० लाख, हे सगळं सामान्य माणसाच्या सोयीचं आहे. पण त्या पॉलिसीत चोरीचं संरक्षण कधी मिळतं? आग, पूर, भूकंप, दंगल अशी विम्यातली एखादी आपत्ती आली आणि तिच्यामुळे सात दिवसांच्या आत चोरी झाली तर. एरवीच्या मंगळवारी दुपारी झालेली घरफोडी तिच्यात नाही. ती जादा हप्त्याच्या वेगळ्या कलमात, जिथे पुन्हा ते जबरदस्तीचं लचांड. गृहकर्जाबरोबर बँकेने गळ्यात मारलेली पॉलिसी म्हणजे सगळ्याचा विमा, असं आमच्या इमारतीत बहुतेक कर्जदार समजत होते. मी कागद वाचून दाखवल्यावरही त्यांना पटायला वेळ लागला.

घर रिकामं ठेवण्याच्या अटीचं तर विचारूच नका. घरफोडीच्या अनेक पॉलिसींत सलग सात किंवा अधिक दिवस घर रिकामं राहिलं आणि कंपनीची परवानगी घेतली नाही, तर संरक्षण थांबतं. काहींत हे दिवस जास्त असतात. कोकणात गणपतीला गेलेलं कुटुंब गौरी-गणपतीचं विसर्जन करून, नातेवाइकांकडे जाऊन, रेल्वेची तिकिटं मिळतील तेव्हा परततं. मे महिन्यात मुलांना घेऊन गावाला जाणाऱ्यांचं तेच. सुट्टीच्या तोंडावर पोलीस दरवर्षी आवाहन करतात की शेजाऱ्यांना सांगून जा, दागिने बँकेत ठेवा. कंपनीला सांगून जा, असं कुठल्या आवाहनात कधी वाचलंय का? सांगायचं तर कुठे सांगायचं, हे पॉलिसीतही धड नसतं.

तक्रारीची वाट आहे, हे मान्य. विमा लोकपालाकडे जाता येतं, फी नाही, वकील लागत नाही. आमचे शेजारीही तिकडे जाणार आहेत. पण पॉलिसीत लिहिलेली व्याख्या आणि तिच्यावरचे सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल समोर असताना लोकपालांनी तरी काय करावं? ते काम आपलं आहे. सर्व्हेअर नेमण्यापासून निर्णयापर्यंतच्या मुदती आपण २०२४ मध्ये कडक केल्या, त्याचा परिणाम आम्ही पाहिला: दावा झटपट नामंजूर झाला. मुदतींचं काम संपलं असेल तर आता व्याख्येकडे वळावं, ही विनंती.

आम्हाला हवं आहे ते असं. घरांच्या पॉलिसीत घरफोडीचा अर्थ न्याय संहितेत आहे तोच धरावा. कुलूप उघडून शिरणं त्यात यावं. याच्या बदल्यात कंपन्यांनी मुख्य दाराच्या कुलपाची अट घालावी, खुशाल कडक घालावी. भारतीय मानक ब्युरोच्या मानकाचं मॉर्टिस कुलूप किंवा त्याच्या तोडीचं काही, घर सोडताना किल्ली फिरवून पूर्ण बंद केलेलं, आणि भाडेकरू किंवा मालक बदलला की सिलिंडर बदलल्याची पावती. अशी पावती मागितली तर आम्ही देऊ. कुलपाचे पैसे दागिन्यांपुढे काहीच नाहीत. ज्याने असं कुलूप बसवलं त्याला हप्त्यात थोडी सवलत मिळाली तर शेजारीही बसवतील, आणि कंपनीचा धोका आपोआप कमी होईल. ही अट अर्जात प्रश्न म्हणून यावी, पॉलिसीच्या पोटात लपून बसू नये. अट मोडली आणि तिचा चोरीशी संबंध नसेल, तर दावा कापू नये. संबंध थोडा असेल तर प्रमाणात कापावा, पूर्ण नाकारू नये.

ग्राहकाला देण्याच्या माहितीपत्रकात, म्हणजे पॉलिसीबरोबर द्यायला लावलेल्या त्या कागदात, एक प्रश्न छापावा: किल्लीने किंवा हत्याराने कुलूप न तोडता उघडून चोरी झाली, तर पैसे मिळतील का? समोर फक्त हो किंवा नाही. आणि महाराष्ट्रात तो कागद मराठीत. उत्तर ‘नाही’ असेल तरी हरकत नाही, निदान ‘हो’ म्हणणाऱ्या कंपनीकडे जाता येईल. घर किती दिवस रिकामं ठेवता येतं आणि जास्त दिवस जायचं असल्यास कोणत्या नंबरवर संदेश पाठवायचा, तेही त्याच पानावर.

जाता जाता दागिन्यांच्या पावत्यांबद्दल. आजीच्या पाटल्यांची, सासूबाईंनी दिलेल्या बोरमाळेची पावती कुणाकडे असते? तो वेगळा आणि मोठा विषय आहे, त्याचं पत्र वेगळं लिहीन.

आमच्या सोसायटीने आपल्या परीने काही केलं आहे. भाड्याने देताना ना हरकत पत्रासोबत सिलिंडर बदलल्याची पावती जोडावी, असा ठराव सर्वसाधारण सभेत झाला. एका सभासदाने ‘सोसायटीचा काय संबंध’ म्हणून विरोध नोंदवला, तोही इतिवृत्तात आहे. सेफ्टी डोअरला बाहेर लोंबणारं कुलूप काढून आतून बसणारं कुलूप बहुतेकांनी लावून घेतलं. दारं अशी झाल्यावर चोराला आत शिरणं अवघड जाईल. शिरलाच, तर दार फोडण्यापेक्षा जोडचावीने किंवा हातचलाखीने, खूण न ठेवता शिरेल याची शक्यता मात्र वाढली आहे, म्हणजे आपल्या सध्याच्या कलमानुसार आम्ही दारं मजबूत करून विमा कमकुवत केला आहे.

दिवाळीच्या आधी आमच्याकडच्या काही पॉलिसींचं नूतनीकरण आहे. वर लिहिलेला ‘हो की नाही’ हा प्रश्न आम्ही सगळे मिळून प्रत्येक कंपनीला लेखी विचारणार आहोत आणि आलेली उत्तरं, किंवा न आलेली, आपल्याकडे पाठवणार आहोत. त्याआधी आपलंच एखादं परिपत्रक निघालं तर आमचा टपालखर्च वाचेल.

कळावे,

आपला विश्वासू,
सचिव, एक सहकारी गृहनिर्माण सोसायटी
डोंबिवली (पूर्व)